धर्माविषयी बोलण्याचा अधिकार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये धर्मशिक्षणाचा विषय निघाला की चर्चा बहुधा राज्यसंस्था आणि चर्च यांच्यामधील भिंतीपाशी येऊन थांबते. या भिंतीचा आधार म्हणजे १७९१ मध्ये संमत झालेल्या पहिल्या घटनादुरुस्तीतील दोन तरतुदी: कोणत्याही धर्माला राजमान्य करणारा कायदा काँग्रेसने करू नये ही एक, आणि धर्माचरणाच्या मोकळिकीला आडकाठी करू नये ही दुसरी. भिंतीची प्रतिमा मात्र घटनेतील नव्हे. ती टॉमस जेफर्सन यांनी १८०२ मध्ये कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बॅप्टिस्ट मंडळींना लिहिलेल्या पत्रातली आहे. भिंत कोठे असावी आणि किती उंच असावी यावर अमेरिकी विधिज्ञ पिढ्यानपिढ्या वाद घालत आले आहेत. परंतु जो धर्माविषयी शिकवतो किंवा संशोधन करतो त्याची खरी अडचण वेगळी आहे. ज्या श्रद्धेत तो वाढलेला नाही, किंवा वाढला असला तरी वर्गात उभा असताना जी त्याला बाजूला ठेवावी लागते, तिच्याविषयी तो कोणाच्या वतीने आणि कोणत्या अधिकाराने बोलतो, हा प्रश्न कायद्याने सुटल्यासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात तो कायद्याच्या पलीकडे तसाच शिल्लक राहतो.

एकोणिसाव्या शतकात असा प्रश्न उघडपणे विचारला जात नसे, कारण बहुसंख्याकांची रीत हीच तटस्थता समजली जात होती. पहिली घटनादुरुस्ती त्या काळी केवळ केंद्रसत्तेला बांधून ठेवीत असे. घटक राज्यांना आपापले चर्च पोसण्याची मुभा होती आणि मॅसॅच्युसेट्सने ते १८३३ पर्यंत पोसलेही. त्याच राज्यात होरेस मान यांनी करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या सर्वसामान्य शाळांची चळवळ उभारली, तेव्हा बायबलचे वाचन कोणतेही भाष्य न करता करावे, म्हणजे कोणत्याही पंथाची बाजू घेतल्यासारखे होणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. भूमिका प्रामाणिक होती, पण जे बायबल वाचले जाई ते प्रॉटेस्टंटांचे किंग जेम्स भाषांतर असे, आणि धर्मगुरूच्या विवरणाशिवाय शास्त्र वाचता येते ही कल्पनाही प्रॉटेस्टंटांचीच होती. आयर्लंडहून आलेल्या कॅथलिकांना ही तटस्थता परक्या धर्माची सक्ती वाटली यात नवल नाही. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात याच वादातून पेटलेल्या दंगलींत माणसे मेली आणि कॅथलिक चर्चे जाळली गेली. पुढे कॅथलिकांनी आपल्या शाळांचे स्वतंत्र जाळे विणले, त्यामागे ही कटुता होती.

विसाव्या शतकाच्या मध्यावर सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या घटनादुरुस्तीचे बंधन राज्यांनाही लागू केले आणि मग एकामागून एक निर्णय आले. शाळेच्या वेळात शाळेच्याच इमारतीत धर्मोपदेशकांचे वर्ग भरवण्याची प्रथा १९४८ मध्ये घटनाबाह्य ठरली. न्यूयॉर्क राज्याने स्वतः रचलेली, कोणत्याच पंथाला खटकू नये इतकी पातळ केलेली प्रार्थना १९६२ मध्ये गेली. आणि १९६३ मध्ये ॲबिंग्टन विरुद्ध शेम्प या खटल्यात, दररोज बायबलमधील निदान दहा वचने वाचण्याची सक्ती करणारा पेनसिल्व्हेनियाचा कायदा आठ विरुद्ध एक मतांनी रद्द झाला. शेम्प कुटुंब युनिटेरियन होते, म्हणजे त्रैक्याचा सिद्धान्त न मानणाऱ्या आणि मतस्वातंत्र्याला महत्त्व देणाऱ्या पंथातले. त्यांच्या मुलाने १९५६ मध्ये वाचनाच्या वेळी वर्गात कुराण उघडून आपला निषेध नोंदवला होता. बहुमताचा निर्णय लिहिताना न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी जे अधिकचे नमूद केले ते बंदीपेक्षा दूरगामी ठरले: तौलनिक धर्मविचार किंवा धर्माचा इतिहास यांच्या अभ्यासाशिवाय शिक्षण अपुरे राहते, आणि तो अभ्यास वस्तुनिष्ठ पद्धतीने, ऐहिक शिक्षणक्रमाचा भाग म्हणून चालत असेल तर घटनेची त्याला हरकत नाही. न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांनी आपल्या सहमतिपत्रात हाच भेद आणखी नेमका केला: धर्म शिकवणे निराळे आणि धर्माविषयी शिकवणे निराळे.

या भेदाने एका विद्याशाखेला बळ दिले. बायबलच्या अध्यापकांची १९०९ पासून चालत आलेली एक संघटना याच सुमारास नाव बदलून अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजन झाली, आणि सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या सरकारी विद्यापीठांत धर्म-अभ्यासाचे विभाग निघाले, तर पूर्वी हा विषय मुख्यतः खासगी विद्यापीठांच्या धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयांकडे असे. शाळांत मात्र निर्णयाचा अर्धाच भाग पोहोचला. प्यू संशोधन केंद्राने २०१० मध्ये अमेरिकी प्रौढांच्या धर्मविषयक ज्ञानाची पाहणी केली, तेव्हा सरकारी शाळेतील शिक्षक वर्गाला प्रार्थना सांगू शकत नाही हे ८९ टक्के लोकांना ठाऊक होते; पण त्याच शाळेत तौलनिक धर्माचा वर्ग घेता येतो हे केवळ ३६ टक्क्यांना, आणि साहित्याचा नमुना म्हणून बायबल वाचता येते हे २३ टक्क्यांनाच ठाऊक होते. बत्तीस प्रश्नांपैकी सरासरी सोळाची उत्तरे बरोबर आली आणि निरीश्वरवादी, ज्यू व मॉर्मन हे गट इतरांच्या पुढे राहिले. ज्या देशात बहुसंख्य लोक धर्म आपल्या आयुष्यात महत्त्वाचा असल्याचे सांगतात तेथे धर्माच्या माहितीचा असा दुष्काळ असावा, याकडे स्टीफन प्रोथेरो यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात लक्ष वेधले होतेच.

जेथे शिकवण्याचे धाडस झाले तेथे आकाश कोसळले नाही. कॅलिफोर्नियातील मोडेस्टो या शहराने २००० मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांसाठी जगातील धर्मांचा नऊ आठवड्यांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. शिक्षकांनी आपली श्रद्धा वर्गात बोलून दाखवायची नाही, हा त्यातला एक दंडक होता. एमिल लेस्टर आणि पॅट्रिक रॉबर्ट्स यांनी केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांचे ज्ञान वाढल्याचे, इतरांच्या धार्मिक हक्कांविषयीचा आदरही वाढल्याचे दिसून आले, आणि कोणी त्या वर्गामुळे आपला धर्म सोडून दुसऱ्याकडे वळल्याचे आढळले नाही. शिक्षकाने स्वतःविषयी मौन पाळावे, ही अट वरवर पाहता किरकोळ शिस्तीची बाब वाटते, परंतु गोल्डबर्ग यांच्या भेदाचे सारे वजन प्रत्यक्षात तिच्यावरच पडलेले आहे.

कारण ज्ञानमीमांसेच्या, म्हणजे ज्ञान कसे होते व केव्हा प्रमाण मानावे या विचाराच्या दृष्टीने पाहिले तर तो भेद डळमळीत आहे. धर्माविषयी शिकवायचे म्हणजे धर्माचे वर्णन करायचे, आणि वर्णन कोठून तरी करावे लागते. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ हे मूळचे कॅनडाचे, फाळणीपूर्वी लाहोरमध्ये शिकवलेले आणि पुढे हार्वर्डच्या जागतिक धर्मांच्या अभ्यासकेंद्राचे प्रमुख झालेले विद्वान. त्यांनी अशी कसोटी मांडली की एखाद्या धर्माविषयीचे विधान त्या धर्माच्या अनुयायांना ओळखीचे वाटले पाहिजे. ज्यात मुसलमानाला आपला इस्लाम दिसत नाही ते इस्लामचे वर्णन नव्हे. उलट शिकागोच्या जोनाथन झेड. स्मिथ यांनी १९८२ मध्ये असे प्रतिपादन केले की माणसे जे करतात, म्हणतात, मानतात त्याचा ढीग जगात पडलेला आहे, पण त्यातून 'धर्म' नावाची एक वस्तू वेगळी काढणारा अभ्यासकच असतो; तेव्हा त्याने आपली निवड उघडपणे समर्थनीय केली पाहिजे. पुढे रसेल मॅकचन यांनी तर अभ्यासक हा धर्माचा राखणदार नसून चिकित्सक असतो, अशी टोकाची मांडणी केली.

कँटवेल स्मिथ यांची कसोटी सौजन्याची आहे, परंतु तिच्यात एक अडचण दडलेली आहे: अनुयायी म्हणजे नेमके कोण? एकाच धर्मातील सनातनी आणि सुधारक, पुरुष आणि स्त्रिया, पुजारी आणि देवळाबाहेर उभे केलेले लोक यांना एकच वर्णन ओळखीचे वाटेल असे क्वचितच घडते, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याची संमती हीच प्रमाण ठरते. अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजनने २०१० मध्ये शाळांसाठी दिलेली मार्गदर्शक तत्त्वे या खोड्यातून व्यवहारी वाट काढतात. प्रत्येक धर्माच्या पोटात मतभेद असतात, धर्म काळाबरोबर बदलत जातात, आणि ते भोवतालच्या समाजजीवनात मुरलेले असतात, एवढी तीन गृहीते शिक्षकाने पाळावीत असे त्यांचे सार आहे. यांतले कोणतेही गृहीत निष्पाप नाही. आपला धर्म एकसंध आणि कालातीत आहे असे मानणाऱ्या श्रद्धावंताला ही तत्त्वे आपली श्रद्धा नाकारणारीच वाटतील, आणि त्याचे तसे वाटणे चूक म्हणता येणार नाही. अभ्यासाच्या तटस्थतेलाही स्वतःची भूमी असते. ती कबूल करून शिकवणे हे, नाही असे भासवून शिकवण्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

न्यायालयांना अभ्यासकाकडून नेमके याच्या उलट हवे असते. १९४४ च्या बॅलार्ड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने श्रद्धेचे सत्यासत्य तपासणे आपले काम नाही, ती मनापासून बाळगलेली आहे की नाही एवढेच पाहता येईल असे म्हटले. १९६५ च्या सीगर खटल्यात, सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून सैन्यसेवा नाकारणाऱ्या पण रूढ अर्थाने परमेश्वर न मानणाऱ्या तरुणाला सवलत देताना न्यायालयाने ईश्वरमीमांसक पॉल टिलिख यांच्या विचारांचा आधार घेतला आणि देवाच्या जागी जी श्रद्धा माणसाच्या आयुष्यात उभी असते तिलाही धार्मिक मानले. व्याख्या अशी रुंदावत नेली की ती कोठे तरी तुटणारच. फ्लोरिडातील बोका रेटन शहराच्या दफनभूमीत थडग्यांवर जमिनीशी समतल पाट्याच बसवाव्यात असा नियम होता, पण कॅथलिक, ज्यू आणि प्रॉटेस्टंट कुटुंबांनी तेथे क्रूस, मूर्ती, दाविदाचे तारे उभे केले होते, थडग्यांभोवती कुंपणे घातली होती. १९९९ च्या सुनावणीत दोन्ही बाजूंनी धर्म-अभ्यासक साक्षीला आले आणि न्यायाधीशांनी त्यांना साधारण एकच गोष्ट विचारली: हे करणे त्या धर्मात आवश्यक आहे काय? ग्रंथात आज्ञा सापडली नाही, म्हणून ती केवळ वैयक्तिक आवड ठरली आणि कुटुंबे हरली. साक्षीदारांपैकी विनिफ्रेड सलिवन यांनी पुढे या खटल्यावर पुस्तक लिहून असा निष्कर्ष काढला की कायद्याला संरक्षण द्यायचे तर धर्म काय हे ठरवावे लागते, आणि ते ठरवताच शास्त्रोक्त धर्म जिंकतो व आईने मुलाच्या थडग्यावर ठेवलेली मूर्ती हरते. येथे अभ्यासकाचे ज्ञान अपुरे पडले असे नाही. त्याने धर्मांतली विविधता सांगितली. न्यायासनाला यादी हवी होती.

ज्ञान असूनही ते ऐकले न जाण्याची याहून भीषण घटना टेक्सासमधील वेको येथे घडली. डेव्हिड कोरेश यांच्या नेतृत्वाखालील ब्रँच डेव्हिडियन या छोट्या पंथाच्या वसाहतीवर २८ फेब्रुवारी १९९३ रोजी केंद्रीय अधिकाऱ्यांनी शस्त्रांच्या संशयावरून छापा घातला; चार अधिकारी आणि पंथाचे काही लोक मारले गेले आणि ५१ दिवसांचा वेढा सुरू झाला. वाटाघाटी करणाऱ्यांना कोरेश यांची लांबलचक प्रवचने निव्वळ बायबलची बडबड वाटत होती, आणि त्यांच्या चौकटीत हे प्रकरण ओलीस धरलेल्या माणसांच्या सुटकेचे होते. जेम्स टेबर आणि फिलिप आर्नल्ड या दोन बायबल-अभ्यासकांच्या मात्र लक्षात आले की कोरेश सगळ्या घडामोडी प्रकटीकरणाच्या पुस्तकातील सात शिक्क्यांच्या क्रमाने वाचत आहेत. प्रकटीकरण हे नव्या करारातील शेवटचे पुस्तक असून जगाच्या अंतकाळाची दृश्ये त्यात आहेत. पाचव्या शिक्क्यात धर्मासाठी मारल्या गेलेल्यांना आणखी थोडा काळ थांबण्यास सांगितले जाते, आणि वेढ्यातील माणसे स्वतःला त्याच ठिकाणी उभी असलेली पाहत होती. या अभ्यासकांनी रेडिओवरून त्याच ग्रंथाच्या भाषेत दुसरा अर्थ सुचवला: थांबण्याचा हा काळ संदेश लिहून जगाला देण्यासाठी आहे. १४ एप्रिलच्या पत्रात कोरेश यांनी सात शिक्क्यांचे विवरण लिहून पूर्ण होताच बाहेर येण्याचे कबूल केले. अधिकाऱ्यांनी ही आणखी एक टाळाटाळ मानली. १९ एप्रिलला रणगाडे पुढे सरकले, अश्रुधूर सोडला गेला, आग लागली आणि लहान मुलांसह ७६ जण मरण पावले. पहिल्या शिक्क्याचे विवरण खरोखरच लिहून झाले होते. वाचलेल्या एका स्त्रीने ते संगणकाच्या तबकडीवर बाहेर आणले.

कोरेश शेवटी बाहेर आलेच असते, असे खात्रीने कोणी म्हणू शकत नाही, आणि त्यांच्यावरचे अत्याचाराचे आरोपही गंभीर होते. तरीही येथे अभ्यासकांनी जे केले ते त्यांच्या शाखेचे समर्थन म्हणून कोणत्याही प्राध्यापकी युक्तिवादाहून सरस आहे. त्यांनी कोरेश यांचे म्हणणे खरे मानले नाही आणि वेडेपणाही मानला नाही. त्याला आतून एक व्याकरण आहे हे ओळखून त्या व्याकरणात वाक्य रचून दाखवले. गयानातील जोन्सटाउन या एका पंथाच्या वसाहतीत १९७८ मध्ये नऊशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा धर्म-अभ्यासक गप्प बसले याबद्दल जोनाथन स्मिथ यांनी त्यांना झाडले होते. जे घडले ते समजून घेता येत नसेल तर विद्यापीठात आपले काम काय, असा त्यांचा रोख होता. १९९६ मध्ये मोंटानात 'फ्रीमेन' या सरकारविरोधी गटाला वेढा पडला त्या वेळी केंद्रीय तपास यंत्रणेने धर्म-अभ्यासकांचा सल्ला घेतला, आणि तो ८१ दिवसांचा वेढा रक्तपाताशिवाय उठला.

शालेय पाठ्यपुस्तकांच्या वादात परिस्थिती याहून निराळी असते, कारण तेथे वर्ण्य समाज स्वतः समोर बसलेला असतो. कॅलिफोर्नियात सहावीला प्राचीन इतिहास शिकवतात. २००५ मध्ये त्या पुस्तकांतील भारतविषयक प्रकरणांत हिंदू संघटनांनी अनेक दुरुस्त्या सुचवल्या. जातिव्यवस्था, स्त्रियांचे स्थान आणि आर्यांचे आगमन हे त्यांतले कळीचे मुद्दे होते. हार्वर्डचे मायकेल विट्झेल आणि इतर अभ्यासकांनी त्यांना हरकत घेतली, दलित संघटनाही पुढे आल्या, आणि २००६ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले, जेथे राज्य मंडळाची कार्यपद्धती सदोष ठरली पण पुस्तके कायम राहिली. दहा वर्षांनी तोच वाद पुन्हा उभा राहिला. वर्गात आपल्या मुलाला जातीवरून टोचले जाते ही पालकाची तक्रार खोटी नसते. इतर धर्मांची प्रकरणे तत्त्वांनी सुरू व्हावीत आणि हिंदू धर्माचे मात्र सामाजिक दोषांनी, हा दुजाभाव त्यांना खुपला तर तेही न्याय्यच आहे. पण जात वगळा, असे म्हणणाऱ्याला त्याच समाजातला दुसरा पालक, ज्याचे आजोबा नागपूरच्या दीक्षाभूमीवर उभे राहिले होते, उत्तर देतो की मग आमचा इतिहास कोठे शिकवणार? बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्या हाताखाली शिकले त्या जॉन ड्यूई यांनी १९०८ च्या एका निबंधात असे म्हटले होते की निरनिराळ्या वंशांची आणि पंथांची मुले एकत्र आणून शाळा जे काम करते तेच मुळात धार्मिक मोलाचे आहे. ड्यूई आशावादी होते. ती मुले एकत्र आल्यावर त्यांच्या आईवडिलांचे जुने हिशेबही वर्गात येतात, हे त्यांच्या निबंधात फारसे नाही.

अमेरिकेत लिहिलेले संशोधन महाराष्ट्रात पोहोचते तेव्हाही हाच ताण दिसतो. मॅकॅलेस्टर महाविद्यालयाचे जेम्स लेन यांच्या २००३ मधील शिवाजी महाराजांविषयीच्या पुस्तकात एक ऐकीव, कोणताही पुरावा नसलेला उल्लेख होता. पुण्याच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतला, प्रकाशकाने पुस्तक भारतातून मागे घेतले, आणि एवढे झाल्यावर ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन हस्तलिखितांची नासधूस झाली. राज्याने पुस्तकावर घातलेली बंदी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. त्या उल्लेखावरची टीका पुराव्याच्या शिस्तीची होती आणि ती रास्तच होती. पोथ्यांवरचा हल्ला दुसऱ्याच कोणत्या तरी गोष्टीचा होता. या प्रकरणाच्या गदारोळात हे विसरले जाते की महानुभावांची जुनी मराठी आयुष्यभर वाचणाऱ्या ॲन फेल्डहाउस आणि चोखामेळ्यापासून आंबेडकरांपर्यंतचा धागा शोधणाऱ्या एलिनॉर झेलियट याही त्याच अमेरिकी विद्यापीठांतून आल्या. फेल्डहाउस यांनी रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, जे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पंढरपूरच्या देवाचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदैवतात शोधणारे ते पुस्तक लिहिणारा माणूस परका नव्हता, आणि त्याचे प्रतिपादन प्रत्येक वारकऱ्याला मान्य होईल असेही नव्हते. ते वाचणाऱ्या अमेरिकेतील विद्यार्थ्याला आतला कोण आणि बाहेरचा कोण ही विभागणी विठ्ठलाच्या बाबतीत फारशी कामाची नाही हे कळते. आणि ढेरे यांच्याशी मतभेद असणाऱ्याला ताम्रपट, स्थलपुराणे आणि ओव्या घेऊनच त्यांच्याशी वाद घालावा लागतो.